टर्बोचार्जरच्या बायपास झडपेचे दोषनिदान : संज्ञा, लक्षण आणि नाद

एकाच संज्ञेने दोन भिन्न वस्तूंचा निर्देश होऊ लागला म्हणजे व्यवहारात घोटाळा होतो, ही गोष्ट अर्थविचाराच्या अभ्यासकाला नवी नाही. परंतु असा घोटाळा बहुधा वादविवादात किंवा भाषांतरात प्रकट होतो. त्याची किंमत रोख रकमेत मोजावी लागल्याची उदाहरणे फारशी चर्चिली जात नाहीत. मोटारीच्या टर्बोचार्जरवरील ‘बायपास’ झडप हे अशांपैकी एक उदाहरण होय. या झडपेतील रबरी पडदा फाटला असता संपूर्ण टर्बोचार्जरच निकामी झाला असे समजून तो बदलला जातो, आणि झडपेच्या किमतीच्या कित्येक पट खर्च मालकाच्या माथी बसतो. या चुकीच्या मुळाशी यंत्रज्ञानाचा अभाव असतोच असे नाही. पुष्कळदा संज्ञेचा संदिग्धपणा आणि लक्षणाचे घाईने केलेले वाचन ही दोनच कारणे पुरेशी ठरतात. प्रस्तुत लेखात या झडपेचे कार्य, तिचे दोष व त्यांचे निदान यांचा विचार याच दृष्टीने केला आहे.

टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची असून तिचे पेटंट १९०५ सालचे आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर एक टरबाइन फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला संपीडक, म्हणजे कॉम्प्रेसर, असतो आणि तो बाहेरील हवा दाबून इंजिनात लोटतो. लहान मोटारीत हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे सहज घेतो. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब अशा वेळी वातावरणाच्या दाबापेक्षा साधारणतः अर्ध्या ते एक बारने अधिक असतो. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या विक्रीच्या मोटारींत ही योजना प्रथम आली. दाब मर्यादेत कसा ठेवावा, हा प्रश्न तेव्हापासूनच अभियंत्यांपुढे उभा आहे.

या प्रश्नाची दोन अंगे आहेत आणि त्यांना दोन निरनिराळ्या झडपा उत्तर देतात. टरबाइनच्या बाजूला जी झडप असते तिला वेस्टगेट म्हणतात. दाब ठरलेल्या मर्यादेस पोचला की ती उघडते आणि निष्कास वायूचा काही भाग टरबाइनला वगळून थेट धुराड्याकडे नेते. दुसरी झडप संपीडकाच्या बाजूला असते. ती दाबलेली हवा संपीडकाच्या बाहेरच्या तोंडातून काढून पुन्हा त्याच्या आतल्या तोंडाशी आणून सोडते. दोहोंनाही इंग्रजीत ‘बायपास’ म्हटल्याचे आढळते, आणि प्रमादाचे बीज येथेच आहे.

मराठीत ‘बायपास’ हा शब्द आता पूर्णपणे रुळला आहे आणि त्याचे दोन अर्थ सर्वांना ठाऊक आहेत : गावाला वळसा घालून पुढे जाणारा रस्ता आणि हृदयावरील शस्त्रक्रिया. दोन्ही अर्थांत प्रवाह अडथळा टाळून *पुढे* जातो. वेस्टगेटला हा अर्थ चपखल लागू पडतो. तेथील वायू टरबाइनरूपी गावात न शिरता पुढच्या मुक्कामास जातो. संपीडकाच्या झडपेतून मात्र हवा पुढे जात नाही, ती मागे फिरते. येथे ‘बायपास’ म्हणणे शब्दार्थाला धरून नाही. यास्तव पुढील विवेचनात तिला ‘प्रत्यावर्ती झडप’ असे म्हटले आहे. नावातच दिशा आली की वाचकाच्या मनातील चित्र सहसा उलटे होत नाही.

हवा मागे फिरविण्याची गरज का पडावी, हे समजल्यावाचून दोषांचे स्वरूप कळणे शक्य नाही. पेट्रोल इंजिनात चालकाने पायाखालची पट्टी सोडली की थ्रॉटलचे पाते तत्काळ मिटते. संपीडकाचे चक्र मात्र आपल्या गतीच्या जोरावर फिरतच राहते आणि बंद दारावर हवा लोटीत राहते. मधल्या नळीतला दाब क्षणात चढतो; चक्राच्या पात्यांना तो पेलवेनासा होतो आणि हवा पात्यांमधून उलटी मागे येते. मागे येताच दाब उतरतो, दाब उतरताच चक्र पुन्हा हवा पुढे लोटते, आणि हा क्रम अतिशय जलद आवर्तनांनी चालू राहतो. यालाच संपीडकाचा ‘सर्ज’ म्हणतात. त्याने चक्राची गती मारली जाते, दांड्याच्या बेअरिंगवर आघात होतात, आणि चालकाने पट्टी पुन्हा दाबली असता दाब तयार होण्यास विलंब लागतो. प्रत्यावर्ती झडप नेमक्या याच क्षणी उघडून कोंडलेल्या हवेला वाट देते. एरवी, विशेषतः इंजिन भार ओढीत असताना, तिने घट्ट मिटून राहावयाचे असते.

या कार्याचे अत्यंत नेमके वर्णन जर्मन भाषेने एका समासात केले आहे. ‘शूब-उमलुफ्ट-व्हेंटील’ हे या झडपेचे जर्मन नाव. ‘व्हेंटील’ म्हणजे झडप. ‘उमलुफ्ट’ म्हणजे फिरून आलेली, प्रत्यावर्तित हवा. आणि ‘शूब’ हा शब्द मूळचा ‘ढकल’ या अर्थाचा असला तरी मोटारविद्येत तो एका विशिष्ट अवस्थेचा वाचक आहे. चालकाने पट्टी सोडल्यावर गाडीचा वेगच इंजिनाला ढकलीत नेतो, ती ही अवस्था. तात्पर्य, झडप केव्हा उघडावी, उघडल्यावर काय घडावे आणि ती वस्तू कोणती, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नावातच आली. इंग्रजीत याच झडपेला डायव्हर्टर, रीसर्क्युलेशन, कॉम्प्रेसर बायपास अशी निदान तीन नावे आहेत. हवा मागे न आणता बाहेरच सोडून देणाऱ्या तिच्या भावंडाला ब्लो-ऑफ किंवा डंप म्हणतात. परंतु बोलताना ही सर्व नावे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात.

नावांऐवजी अंक वापरले म्हणजे संदिग्धता नाहीशी होते, असा एक समज आहे. तो कितपत खरा, हे फोल्क्सवागेन समूहाच्या दोन इंजिनांवरून पाहता येते. या समूहाच्या तांत्रिक लेखनात ‘एन२४९’ ही खूण टर्बोचार्जरच्या प्रत्यावर्तनासाठी राखलेली आहे. १.८ लिटरच्या जुन्या टर्बो इंजिनांत एन२४९ म्हणजे एक लहान विद्युत्-झडप. ती स्वतः हवा वळवीत नाही, हवा वळविणाऱ्या निराळ्या पडदाझडपेकडे निर्वाताची आज्ञा तेवढी पोचविते. २००४ पासून गोल्फ जीटीआय व ऑडी ए३ यांत आलेल्या २.० लिटर टीएफएसआय इंजिनात मात्र एन२४९ ही थेट टर्बोचार्जरच्या अंगावर बसविलेली व हवा स्वतःच वळविणारी झडप आहे. खूण तीच राहिली आणि निर्देश्य वस्तू बदलली. जुन्या इंजिनावर हात बसलेला कारागीर नव्या इंजिनात एन२४९ साठी इंजिनाच्या वरच्या बाजूस नळ्या धुंडाळू लागला, तर दोष त्याच्या चिकाटीचा नव्हे.

भारतीय रस्त्यांपुरती आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे ‘टर्बो’ हा शब्द सर्वसाधारण मोटारमालकाच्या परिचयाचा झाला तो प्रामुख्याने डिझेल गाड्यांमुळे. डिझेल इंजिनात शक्तीचे नियमन इंधनाच्या मात्रेने होते. पट्टी सोडली म्हणून हवेची वाट बंद होत नाही, आणि म्हणून प्रत्यावर्ती झडपेची तेथे गरजही नसते. चाकणच्या कारखान्यातून २०१३ साली पोलो जीटी टीएसआय आणि रांजणगावातून २०१७ साली नेक्सॉन अशा लहान टर्बो-पेट्रोल गाड्या बाहेर पडू लागल्या, तेव्हा डिझेलवर शिकलेले निदानशास्त्र त्यांना जसेच्या तसे लावणे धोक्याचे ठरले. दुसऱ्या बाजूने, काही नव्या पेट्रोल इंजिनांत विजेच्या मोटारीने चालणारे वेस्टगेट इतक्या त्वरेने उघडता येते की प्रत्यावर्ती झडप वगळलेलीच आढळते. त्यामुळे निदानाचा पहिला प्रश्न ‘झडप बिघडली आहे काय?’ हा नसून ‘या इंजिनात ती आहे काय, आणि कोणत्या जातीची?’ हा आहे.

झडपेच्या जाती मुख्यतः दोन. वायुचालित झडपेत रबरी पडद्याच्या वरच्या कप्प्यास एका बारीक नळीने इंजिनाच्या मॅनिफोल्डशी जोडलेले असते. भार असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखाच दाब असतो, आणि स्प्रिंग झडप मिटून धरते. थ्रॉटल मिटताच मॅनिफोल्डमध्ये निर्वात निर्माण होऊन पडदा वर ओढला जातो. विद्युत्चालित झडपेत हेच काम संगणकाच्या आज्ञेने तारेचे वेटोळे करते. पहिल्या जातीत नळी तडकणे किंवा निसटणे हा अगदी सामान्य दोष होय, आणि तो फसवाही आहे : वरच्या कप्प्यातील दाब नाहीसा झाल्याने ऐन भारात दाबलेली हवा स्प्रिंगवर मात करून झडप उघडते, आणि पट्टी सोडल्यावर निर्वाताची ओढ न मिळाल्याने ती पुरेशी उघडत नाही. दोन रुपयांच्या नळीमुळे दोन विरुद्ध लक्षणे एकदम दिसतात.

एरवी ही दोन लक्षणे स्वतंत्र असतात, आणि त्यांतील भेद काळाचा आहे. झडप *मिटत नसेल* तर दोष पट्टी दाबलेली असताना जाणवतो : गाडी ओढत नाही, चढावर दम सोडते, चालकाच्या भाषेत ‘पिकअप गेला’. झडप *उघडत नसेल* तर दोष पट्टी सोडल्याच्या क्षणी जाणवतो, आणि त्याची पहिली साक्ष कान देतो. वायुचालित झडपेचा पडदा फाटला असल्यास तिसरेही एक लक्षण संभवते. त्या फाटीतून आणि बारीक नळीतून हवा थ्रॉटलला चुकवून मॅनिफोल्डमध्ये शिरते आणि उभ्या गाडीचे इंजिन चढ्या किंवा अस्थिर गतीने चालते. ‘केव्हा?’ हा एक प्रश्न मालकाला नीट विचारला तर निम्मे निदान झडपेला हात न लावता होते. दुर्दैवाने तक्रारवहीत ‘केव्हा’ साठी रकाना क्वचितच असतो.

कानाच्या साक्षीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण मराठीची अनुकरणवाचक शब्दसंपत्ती येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. सर्ज होत असता जो आवाज येतो तो पाखराने पंख आपटावेत तसा असतो. त्याला ‘फडफड’ याहून योग्य शब्द नाही. हे द्वित्व केवळ शोभेचे नव्हे. हवा उलटणे आणि पुन्हा पुढे जाणे ही क्रिया खरोखरच आवर्तनात्मक असते, आणि मराठीत पुनरावृत्त क्रियेच्या नादाला अभ्यस्त रूप येते : फडफड, खडखड, टकटक. याउलट हवा एकदाच बाहेर सोडणाऱ्या ब्लो-ऑफ झडपेचा आवाज ‘फुस्स’ असा, एकवार होऊन संपणारा असतो. तेथे अभ्यास नाही, शेवटचे व्यंजन मात्र द्वित्त पावले आहे. आणि फाटलेल्या नळीतून भार असेतो अखंड गळणाऱ्या हवेचा आवाज ‘सूंऽऽ’ असा दीर्घ स्वराने दाखविला जातो. आवर्तन, सकृत् घटना आणि सातत्य हे क्रियाव्याप्तीचे तीन भेद मराठी बोलणारा मनुष्य न शिकता नादरूपानेच पाळतो, आणि तेच तीन भेद येथे तीन निरनिराळ्या कारणांकडे बोट दाखवितात. वेस्टगेटचा सांधा सैल झाला असता होणारी धातूची ‘खडखड’ याहून वेगळी, आणि तीही ओळखू येते. ‘आवाज येतो’ एवढ्यावर समाधान न मानता ‘कसा येतो ते म्हणून दाखवा’ असे मालकाला सांगणारा कारागीर शहाणा समजावा. मात्र एक मर्यादा लक्षात ठेवावी : कमी दाबात पट्टी हलकेच सोडली असता किंचित फडफड होणे काही गाड्यांत स्वाभाविक असते. तसेच हौसेने बसविलेल्या झडपेची स्प्रिंग फार कडक असल्यास निर्दोष झडपही फडफडीचा आळ ओढवून घेते.

यानंतर यंत्राच्या साक्षीकडे वळावयास हरकत नाही. गाडीचा संगणक दोषांची नोंद सांकेतिक अंकांनी करतो. त्यांपैकी पी०२९९ याचा अर्थ ‘दाब अपेक्षेपेक्षा कमी’ एवढाच आहे. त्याचे ‘टर्बो गेला’ हे जे भाषांतर प्रचारात आहे ते भाषांतर नसून अनुमान आहे, आणि तेही सदोष. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे हेतू सव्यभिचार आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, परंतु अग्नीवरून धुराचे होत नाही. कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. तद्वत् टर्बो निकामी झाला असता दाब कमी होईल हे खरे. पण दाब कमी आहे म्हणून टर्बो निकामी, हे सिद्ध होत नाही. फाटलेला पडदा, निसटलेली नळी, उघडे राहिलेले वेस्टगेट, तुंबलेले धुराडे, या सर्व ठिकाणी तोच अंक उमटू शकतो.

पी००३३, पी००३४ व पी००३५ हे अंक प्रत्यावर्ती झडपेच्या नावानेच नोंदले जातात खरे, परंतु त्यांचा संबंध तिच्या विद्युन्मंडलाशी आहे : मंडल सदोष, विद्युत्संकेत खालावलेला, अथवा चढलेला. वेस्टगेटच्या विद्युत्-झडपेचा अंक, पी०२४३, वेगळा आहे आणि तो येथे मिसळू नये. वेटोळे शाबूत आणि पडदा फाटलेला असेल तर संगणकाच्या लेखी झडप निर्दोषच असते. आज्ञा पोचली, ‘टक्’ असा आवाजही झाला. परंतु हवा अडली की नाही हे पाहण्याचे साधन त्या मंडलात नाही. म्हणूनच २.० टीएफएसआयच्या आरंभीच्या पडदाझडपा फाटल्यावर बहुधा पी०२९९ एवढाच अंक दिसे. झडप ‘टक्’ करते एवढ्यावरून तिला निर्दोष ठरविणे, हा या क्षेत्रातील कदाचित सर्वांत सामान्य हेत्वाभास असावा.

गळती आतल्या आत आहे की बाहेर, हे ओळखण्याची एक सुंदर युक्ती आहे, आणि ती अनेक कार्यशाळांत दुर्लक्षित राहते. ज्या इंजिनात आत येणाऱ्या हवेचे मापन हवागाळणीपाशी होते, तेथे प्रत्यावर्ती झडपेतून मागे आलेली हवा मापकाच्या पुढेच सोडली जाते. ती पुन्हा मोजली जात नाही आणि हरवतही नाही. त्यामुळे झडप गळत असली तरी हवा व पेट्रोल यांचे प्रमाण बिघडत नाही. शक्ती तेवढी घटते. नळी फुटून हवा बाहेर गेली तर मात्र मोजलेली हवा इंजिनात पोचतच नाही. संगणक ती पोचली असे धरून पेट्रोल देतो, मिश्रण गडद होते, भारात काळा धूर दिसतो, आणि इंधनाची दुरुस्ती उणे बाजूस झुकते. शक्ती घटली पण मिश्रण ठीक, असे दिसल्यास संशय प्रत्यावर्ती झडपेवर किंवा वेस्टगेटवर. दोन्ही बिघडले, तर नळ्यांवर. अशाच इंजिनात हौसेपोटी हवा बाहेर सोडणारी झडप बसविली असता पट्टी सोडताना इंजिन अडखळते, त्याचेही कारण हेच. जेथे हवेचे मापन मॅनिफोल्डच्या दाबावरून होते तेथे ही कसोटी चालत नाही.

दाबाच्या अंकांबाबत एक सावधगिरी. निदानयंत्र पुष्कळदा निरपेक्ष दाब मिलिबारमध्ये दाखविते. तेथील १८०० म्हणजे वातावरणापेक्षा सुमारे ०.८ बार अधिक, १.८ बार अधिक नव्हे. शिवाय वातावरणाचा दाब सर्वत्र सारखा नसतो : पुण्यास तो सुमारे ९५० मिलिबार, महाबळेश्वरास ८६० च्या आसपास. इंजिन सुरू करण्यापूर्वी किल्ली फिरवून त्या ठिकाणचा आकडा आधी टिपून घ्यावा.

प्रत्यक्ष कसोट्या साध्या आहेत. वायुचालित झडपेच्या तोटीला हातपंपाने निर्वात लावावे. झडप उघडली पाहिजे, निर्वात टिकले पाहिजे, आणि तोटी मोकळी करताच ती चट्कन मिटली पाहिजे. निर्वात टिकत नसेल तर पडदा फाटला आहे, याविषयी संशय नको. विद्युत्चालित झडपेच्या वेटोळ्याचा रोध उत्पादकाने दिलेल्या आकड्याशी ताडावा, पण तेवढ्यावर थांबू नये. झडप काढून पडदा डोळ्यांनी पाहावा. संपूर्ण मार्गाची परीक्षा करावयाची असल्यास इंजिन बंद ठेवून संपीडकाच्या तोंडाला बूच बसवावे, त्यातून हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. इंजिनाच्या नेहमीच्या दाबाहून अधिक दाब या परीक्षेत कधीही देऊ नये. येथे एक खाच आहे. तोंडाशी बूच असता प्रत्यावर्ती झडपेच्या दोन्ही बाजूंस सारखाच दाब येतो, त्यामुळे तिची गळती या परीक्षेत लपते. ती पाहण्यासाठी झडप सुटी काढूनच तपासावी लागते.

दुरुस्तीत फारसे गूढ नाही. फाटलेला पडदा सांधण्याचा खटाटोप करू नये. उष्णता व तेलाची वाफ यांनी रबर एकदा हरले म्हणजे ठिगळ टिकत नाही. २.० टीएफएसआयसाठी पुढे पडद्याऐवजी दट्ट्या असलेली झडप काढण्यात आली. ती फाटण्याचा प्रश्नच नाही, पण तेलाचा चिकटा साचल्यास दट्ट्या अडखळतो, म्हणून बसविण्यापूर्वी तो बोटाने मोकळा हलतो हे पाहावे. या इंजिनात झडप टर्बोचार्जरच्या खालच्या अंगाला तीन स्क्रूंनी बसविलेली असते. काम गाडीखालून, इंजिन पूर्ण निवाल्यावर करावे. टर्बोचे आवरण तेथे ॲल्युमिनियमचे असल्याने स्क्रू थोडथोडे, आळीपाळीने आणि उत्पादकाने सांगितलेल्या जोरानेच आवळावेत. जुने सीलकडे पुन्हा वापरू नये. वायुचालित जातीत झडपेबरोबर बारीक नळीही बदलणे इष्ट, आणि वाटेत एकदिश झडप असल्यास तिची दिशा उलट बसली नाही ना, हे पाहावे. शेवटी नोंदलेला अंक पुसून गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढावर न्यावी, अपेक्षित व प्रत्यक्ष दाब शेजारी शेजारी वाचावेत, आणि माथ्यावर पट्टी एकदम सोडून काच खाली करून ऐकावे.